वेंडलच्या नावाचं तिकीट

आमच्या हेमलॉक फोर्जचा आगीचा बंब बंदुकांवर चालतो. हसायचं कारण नाही. गाव एवढंसं, बंबावर जाणारे सगळे फुकटात राबणारे, आणि बंबाचं टायर फुटलं तरी पैसे आणायचे कुठून? म्हणून दर नोव्हेंबरात, हरणांची शिकार सुरू व्हायच्या आधी एका रविवारी, चर्च सुटलं की फायर हॉलमध्ये बंदुकांची सोडत असते. तिकिटावर पोटभर हॅम, बीन्स, कोबी घातलेल्या नूडल्स आणि बिअर, आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक रायफल कुणाच्या तरी नशिबी. जेवणाच्या वेळेला निम्मं गाव हॉलमध्ये असतं आणि उरलेलं निम्मं हॉलच्या वाटेवर.

तिथलं स्वयंपाकघर माझ्याकडे असतं. माझा नवरा एमेट बंबावर होता तेव्हापासून. एमेट गेला, स्वयंपाकघर काही गेलं नाही.

यंदा सोडत घ्यावी की नाही यावर थोडी कुजबुज झाली होती. सप्टेंबरात शेजारच्या जिल्ह्यात, मार्लोमध्ये, किराणा दुकानात शिरून एका माणसाने सात जणांना गोळ्या घातल्या. पाव घ्यायला गेलेली एक बाई त्यात गेली, ती आमच्या शाळेत शिकवायची. मेणबत्त्या झाल्या, प्रार्थना झाल्या, राजधानीहून गाड्या आल्या तशा गेल्या. त्या माणसाची मावशी टीव्हीवर म्हणाली, तो बिघडलाय हे आम्हाला ठाऊक होतं, पण सांगायचं कुणाला? मग आमचा बंबप्रमुख झेलिन्का म्हणाला, यंदा निम्मे पैसे मार्लोच्या कुटुंबांना देऊ.

"बंदुका वाटून?" मी विचारलं.

"मग काय केक विकू? गेल्या वर्षी विकलेत ना तुम्ही बायकांनी. त्यात नळीची तोटी आली. नळी नाही हं, नुसती तोटी."

माणूस खोटं बोलत नव्हता.

आता वेंडलचं सांगते. वेंडल हॉस्टेटर, माझा सगळ्यात धाकटा भाऊ. अर्धं आयुष्य त्याने बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीपुढे काढलं. गेल्या हिवाळ्यात कारखान्याने माणसं काढली, आणि वेंडलच्या हातात कागद ठेवला तो ज्याला त्यानेच काम शिकवलं होतं त्या पोराने. बायको ओहायोला बहिणीकडे म्हणून गेली ती परत आलीच नाही. आणि मार्चमध्ये एका सकाळी वेंडल माझ्या घरी आला, बुटांचा चिखल तसाच घेऊन आत शिरला आणि टेबलाशी बसला.

"व्हर्न, मी आत्ता कारखान्याच्या ऑफिससमोर होतो," तो म्हणाला. "ट्रकमध्ये. शेजारच्या सीटवर रायफल होती. भरलेली."

मी कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"माणसं कामावर येत होती. डबे घेऊन. मी नुसता बघत होतो, कोण आधी, कोण नंतर. मग ती फोनवर बसणारी पोरगी बर्फावरून घसरून आपटली. मी उतरलो, तिला उठवलं. ती म्हणाली, बरं झालं बाई तू होतास. मग मी इकडे आलो." त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. "पुढच्या वेळी कुणी घसरलंच नाही तर?"

ज्याला मी कडेवर घेऊन वाढवला, ज्याला कोंबडी मारतानासुद्धा रडू यायचं, तो हे सांगत होता. आणि मला त्याची भीती वाटली. भावाची भीती वाटणं काय असतं ते ज्याचं त्याला कळतं.

मी क्लेटनला फोन केला. क्लेटन आमच्या दोघांमधला. आमदार आहे, सगळी दरी त्याला ओळखते. माणूस वाईट नाही हो. विधवांच्या दारातला बर्फ तो अजून स्वतः उपसतो, आणि तेव्हा फोटोवाला बरोबर नसतो. दुपारपर्यंत तो राजधानीहून, हॅरिसबर्गहून आला. आम्ही दोघांनी वेंडलच्या सगळ्या बंदुका, वडिलांच्या जुन्या दुनळीसकट, आईने शिवलेल्या गोधड्यांत गुंडाळून माझ्या गाडीत घातल्या. शेजारणीने कुंपणावरून विचारलं तेव्हा क्लेटन म्हणाला, "साफसफाईला नेतोय, मावशी." माझ्या तळघरात एमेटचं लोखंडी कपाट आहे. बंदुका त्यात, कुलूप त्याला, किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात.

"कुणाला एक अक्षर बोलायचं नाही," क्लेटन म्हणाला. "ना डॉक्टर, ना शेरीफ. कारखान्याला कळलं तर हा आयुष्यातून उठला. आपली माणसं आपण सांभाळायची."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मलाही ते पटलं. कुणाला पटणार नाही?

वेंडल हळूहळू माणसात आला. लाकडाच्या वखारीत काम मिळालं. माझी लाकडं फोडून द्यायचा, रविवारी जेवायला यायचा. पण ताटावर बसण्याआधी दर वेळी विचारायचा, "किल्ली आहे ना तुझ्याजवळ?" मी खिसा थोपटून दाखवायची. मग तो पहिला घास घ्यायचा. त्याला बंदुका परत नको होत्या. मी सांभाळतेय एवढंच त्याला ऐकायचं असे. शिकारीच्या पहिल्या दिवशी काय सांगायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं: खांदा दुखतोय.

सोडतीच्या दिवशी तो माझ्या मदतीला आला होता. हॉलमध्ये पाऊल नाही, तिकीट नाही. मोरीशी उभा राहून तो हॅमच्या कढया घासत होता. तो कचरा टाकायला मागे गेला तेवढ्यात क्लेटन आत आला आणि बीटमध्ये मुरवलेलं एक लाल अंडं उचलून त्याने अख्खं तोंडात टाकलं.

"आमदार, लोकांसाठी आहेत ती."

"मी लोकांचाच आहे." तोंड पुसून तो म्हणाला, "बाहेर बर्फ सुरू झालाय. संध्याकाळी तू गाडी काढू नकोस. मोतीबिंदू तुझा, ब्रेक एमेटच्या काळातले. तू रस्त्यावर आलीस की हरणंसुद्धा जीव मुठीत घेऊन पळतात."

"मग सोडायला तू थांबतोस का?"

"मला सहाला निघायचंय. उद्या बैठक, मंगळवारी मतदान."

मतदान कशावर ते मला ठाऊक होतं. मार्लोनंतर आलेलं विधेयक होतं ते. घरच्यांनी न्यायाधीशाकडे जायचं, आमचा माणूस धोक्यात आहे म्हणून सांगायचं. न्यायाधीशाला पटलं तर काही महिने बंदुका जमा, आणि तेवढे महिने नवी विकतही घेता यायची नाही. क्लेटन त्याच्या विरोधात होता. या दरीतला आमदार बाजूने असता तर पुढच्या निवडणुकीनंतर त्याने वखारीत वेंडलशेजारी उभं राहून फळ्या रचल्या असत्या.

"क्लेटन, आपण जे केलं तेच तर आहे त्यात," मी म्हणाले.

"अगदी! आपण केलं की नाही? लागला का न्यायाधीश? तू आणि मी, दोन गोधड्या, एक कुलूप. संपलं."

"आणि उद्या त्याने नवी घेतली तर? माझ्याकडे सात बंदुकांची किल्ली आहे. दुकानाची नाही."

"वेंडल नाही घेणार."

"तुला काय ठाऊक? तू तिकडे असतोस. त्याचं तोंड दर रविवारी मी बघते."

तो काही बोलणार तोच वेंडल रिकामा डबा घेऊन दारात आला. क्लेटनने त्याच्या पाठीवर थाप मारली, कसा आहेस रे विचारलं, आणि मंचावर निघून गेला. तिकिटांचं पिंप फिरवायचा मान दर वर्षी त्याचाच.

शेवटची रायफल सगळ्यात भारी होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर कोरलेलं हरीण, वर दुर्बीण. पुरुषमंडळी जेवण सोडून पुढे सरकली. क्लेटनने पिंप गरगर फिरवलं, झेलिन्काच्या बायकोने डोळे मिटून हात घातला, झेलिन्काने चष्मा लावला आणि ध्वनिक्षेपकात ओरडला, "वेंडल हॉस्टेटर!"

माझ्या हातातला डाव परातीत पडला. वेंडल मोरीवरून वळला. कोपरापर्यंत साबण.

"मी तिकीट घेतलं नव्हतं गं," तो म्हणाला.

मी खिडकीतून मंचाकडे पाहिलं. क्लेटनचा चेहरा पिठासारखा झाला होता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दर वर्षी तो तिकिटांचं अख्खं पुडकं घेतो आणि घरातल्या सगळ्यांची नावं टाकतो. माझं, वेंडलचं, भाच्यांचं. एमेट जाऊन नऊ वर्षं झाली, त्याचंही टाकतो, मला रडू येतं म्हणून मला सांगत नाही. यंदाही बसला असेल कुठेतरी कॉफी पीत आणि लिहीत गेला असेल सवयीने. मार्चमध्ये ज्या हातांनी भावाच्या बंदुका उचलल्या त्याच हातांनी.

माणसं स्वयंपाकघरात घुसली. "नशीब काढलंस लेका!" "आमदाराचा भाऊ म्हणजे पिंपसुद्धा ओळख ठेवतं!" हसत, ढकलत त्यांनी वेंडलला मंचावर नेलं. झेलिन्काने रायफल त्याच्या हातात दिली. हात ओलेच होते. वेंडलने ती घेतली, आणि त्याचा अंगठा आपसूक दस्त्यावरच्या हरणावरून फिरला. त्याला ती आवडली. ते मला दिसलं, आणि आपल्याला ती आवडलीय हे त्यालाही कळलं तेही मला दिसलं. तो मान वर करून गर्दीत मला शोधायला लागला. फोटोवाला म्हणाला, दोघे भाऊ जवळ या. टाळ्या थांबेनात.

सोडतीत लागलेली बंदूक तशीच घरी नेता येत नाही. दाराजवळ ऑरिनचं टेबल असतं. ऑरिन आमचा बंदूकवाला. त्याच्यापुढे बसून फॉर्म भरायचा, तो फोनवर पोलिसांकडे चौकशी करतो, पलीकडून हो आलं की बंदूक तुमची. मी एप्रनला हात पुसत तिथे पोहोचले तेव्हा वेंडल खुर्चीवर बसला होता आणि ऑरिन प्रश्न वाचत होता. कधी शिक्षा? नाही. कधी न्यायालयाने वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं? नाही. सगळी उत्तरं खरी होती. आम्हीच ती खरी ठेवली होती.

क्लेटनने माझा दंड धरला. "इथे तमाशा नको," तो कानात म्हणाला. "नेऊ दे त्याला. मी काढून घेतो त्याच्याकडून."

"कधी?"

"संध्याकाळी."

"संध्याकाळी तू हॅरिसबर्गच्या रस्त्याला असशील."

त्याने बुटांकडे पाहिलं. ऑरिनने फोन उचलला. वेंडल माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. पण काय विचारलं ते मला कळलं, आणि खिसा थोपटून उपयोग नव्हता.

"ऑरिन, देऊ नकोस त्याला," मी म्हणाले. मला वाटलं हळू बोलले, पण स्वयंपाकघरात चाळीस वर्षं ओरडून माझा आवाज तसाच झालाय. "त्याच्या बाकीच्या बंदुका माझ्या तळघरात कुलपात आहेत. मार्चपासून. त्याने स्वतः दिल्यात. त्याच्या हातात बंदूक नको."

जवळची टेबलं गप्प झाली, मग लांबची. कुणीतरी म्हणालं, म्हणजे काय? क्लेटन तीन ढांगांत मंचावर चढला आणि ध्वनिक्षेपक घेऊन हसला. "मंडळी, हॅमवर ओतायची बर्बन व्हिस्की आमच्या ताईने आधी चाखून बघितलेली दिसते!"

हॉल खदाखदा हसला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. मी तिथे उभी, एप्रनवर बीटचे डाग, आणि ज्यांच्या बारशाला मी केक केले ती माणसं माझ्याकडे बोट दाखवून हसत होती.

वेंडल हसला नाही. त्याने पेन खाली ठेवलं आणि उभा राहिला.

"क्लेटन, सांग ना त्यांना," तो म्हणाला. "तूच तर नेल्यास. आईच्या गोधडीत घालून."

आता कुणी हसलं नाही. क्लेटनच्या हातातला ध्वनिक्षेपक नुसता खरखरत राहिला. ऑरिनने माझ्याकडे पाहिलं, वेंडलकडे पाहिलं, आणि फोन जागेवर ठेवला. "दुकान माझं आहे," तो म्हणाला. "मी नाही देत."

झेलिन्काने घाईघाईने दुसरं तिकीट काढायला लावलं. रायफल कुणा बाहेरगावच्या माणसाला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वेंडल कोट घ्यायला खुंट्यांकडे गेला तेव्हा तिथली माणसं बाजूला झाली; अंग चोरून, एकमेकांकडे न बघता. कारखान्याच्या ऑफिसात काम करणारी एक बाई नवऱ्याची बाही ओढत मागच्या दाराने निघून गेली. तिला मी दोष कसा देऊ?

मंगळवारी वेंडल कामावरून सरळ माझ्याकडे आला. मी बटाट्याचं सूप केलं होतं. टीव्हीवर विधानसभा चालू होती. क्लेटन उभा राहिला. निळा टाय, मीच दिलेला.

"मी माझ्या घरातली गोष्ट सांगतो," तो म्हणाला. "परवा आमच्या गावात एका अडचणीतल्या माणसाच्या हातात बंदूक जाणार होती. त्याची बहीण उठून उभी राहिली. दुकानदाराने फोन खाली ठेवला. तिथे न्यायाधीश होता का? सरकार होतं का? शेजारी होते, रक्ताची माणसं होती. आम्ही आमची माणसं सांभाळतो. हे तुम्ही कायद्याने काय शिकवणार आम्हाला?"

त्याचे डोळे भरून आले होते. खरेच भरले होते. इतकं सोंग त्याला येत नाही. लोकांनी बाकं वाजवली. थोड्या वेळाने मतं मोजली आणि विधेयक पडलं. माझा फोन टिंग वाजला. क्लेटनने लिहिलं होतं, 'तुझा अभिमान वाटतो.' मला तो फोन सुपात बुडवावासा वाटला. मी जे लाज सोडून बोलले, तेच उचलून त्याने दुसऱ्यांच्या बहिणींच्या तोंडावर दार लावलं होतं.

"छान बोलला," वेंडल म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

"जेव."

त्याने चमचा उचलला नाही. किल्लीचंही विचारलं नाही.

"आज वखारीत माझ्या बाकावर कुणी बसलं नाही," तो म्हणाला. "काहीच बोलत नाहीत गं. चांगली माणसं आहेत. नुसती लांब बसतात." बाहेर अंधारून आलं होतं, बर्फ खिडकीच्या कडेला साचत होता. "मार्लोला हमरस्त्यावर ते मोठं दुकान आहे ना, तंबू नि होड्या विकतात ते. तिथे बंदुकाही असतात. तिथे मला कोण ओळखतं? ऑरिनने नाही म्हटलं ते ऑरिनने. माझ्या नावावर तर काहीच नाही. पंधरा मिनिटांत देतील."

"वेंडल."

"काल मी तिकडून आलो. काम नव्हतं तिकडे काही. थांबलो नाही, व्हर्न. शपथ. पण दुकान आलं तेव्हा पाय ब्रेकवर गेला होता."

टीव्हीवर क्लेटन कुणाकुणाशी हात मिळवत होता. वेंडलने खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"हीपण ठेव."

"अरे, मग कामावर कसा जाशील?"

"तू सोड."

वखार बारा मैल लांब आहे, वाट सगळी डोंगराची. मला डाव्या डोळ्याने धुकं दिसतं आणि एमेट गेल्यापासून बर्फात मी गाडी काढलेली नाही. हे त्याला ठाऊक होतं. त्याला ठाऊक आहे हेही मला ठाऊक होतं. तरी तो माझ्याकडे बघत राहिला, मार्चमध्ये त्या खुर्चीवर बसून बघत होता तसाच.

मी किल्ली उचलून एप्रनच्या खिशात टाकली, वरून थोपटली, आणि सकाळी किती वाजता निघायचं ते त्याला विचारलं.